मेंढरांपुढचं गवत

नाना,

तुमची राख सावडून आम्ही घरी आलो, तेव्हा पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस तुमच्या खुर्चीत बसला होता. मला आधी वाटलं, दवाखान्यातलं कुणी राहिलेली कागदपत्रं घेऊन आलंय. शेजारणीनं सगळ्यांसाठी आणलेला चहा काकूंनी त्यालाही दिला. त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला, चहा संपवला, मोजा परत चढवला आणि म्हणाला, "फार वाईट झालं. नानांच्या काचेच्या निगेटिव्ह कुठं असतात?" काकूंचे डोळे अजून सुजलेले होते. माझ्या पायांची स्मशानातली माती धुवायची होती. मला अशी किळस आली की मोरीवर जाऊन मी उगाचच दोनदा चूळ भरून आलो.

तुम्ही असता तर हसला असता. तुम्ही मला नाकमुरड्या म्हणायचात. चहावर साय दिसली की माझं तोंड बदलतं, हे काकूंच्या आधी तुमच्या लक्षात आलं होतं. "किसन्या, तुझ्या नाकावर एक सुरकुती जन्मापासून हाय का मास्तर झाल्यावर पडली?" असं भर दुकानात विचारून तुम्ही गिऱ्हाइकांना हसवायचात. तर नाना, त्या सुरकुतीला गेल्या पंधरा दिवसांत उसंत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी किळस तुमचीच येते आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते असंच सोडायला मी काही तुमच्याएवढा समंजस नाही.

पहिली किळस तुमच्या थुंकीची. गुलमंडीच्या त्या बोळातल्या दुकानात मी पहिल्यांदा तुम्हाला काम करताना पाहिलं तेव्हा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसलो होतो. देवगिरीच्या किल्ल्याचा काळापांढरा फोटो समोर, शेजारी रंगाच्या कागदांची ती छोटी वही. तुम्ही कात्रीनं नखाएवढा कागद कापायचात, वाटीत भिजवायचात, रंग सुटला की ब्रश त्यात बुडवायचात आणि मग थेट तोंडात. ओठांनी टोक करायचं, जिभेवर रंग पातळ करायचा आणि फोटोवर ठेवायचा. दुपारपर्यंत तुमची जीभ हिरवी, संध्याकाळी किरमिजी. काकूंनी तुमचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता, तो सोवळ्यासाठी नव्हे, त्याच्या काठाला निळं लागायचं म्हणून. मी म्हणालो, पाणी वापरा की. तुम्ही म्हणालात, पाण्यानं रंगाचा थेंब होऊन बसतो, थुंकीनं तो फोटोत मुरतो. चित्रकलेच्या वर्गात असलं काही शिकवत नव्हते.

आता त्या फोटोंना हात लावायचा तर मोजे घालावे लागतात, नाना. घामाचा डाग पडू नये म्हणून. ज्या फोटोवर तुमची चमचाभर लाळ आहे त्याला बोटाचा घाम चालत नाही. त्या हातमोजेवाल्या संग्राहकानं मला समजावून सांगितलं की तुम्ही म्हणजे या भागातले हातानं निसर्गदृश्यं रंगवणारे अगदी सुरुवातीचे कलावंत, आणि तुमच्या 'चांद्र मालिकेला' तोड नाही. मी विचारलं, चांद्र मालिका म्हणजे काय? म्हणाला, मकबऱ्यावर, पाणचक्कीवर, म्हैसमाळच्या पठारावर, सगळीकडे तो पूर्ण चंद्र आहे ती. सोड्याच्या बाटलीचं बूच फोटोवर ठेवून तुम्ही तो चंद्र आखायचात, हे मी त्याला सांगितलं नाही. लग्नात द्यायला लोक चंद्रवालाच फोटो मागतात, अमावास्या कुणी विकत घेत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. खाली तुमच्या शिक्क्यात गावाचं जुनं नाव असलेल्या प्रतींना जास्त मागणी आहे, हेही त्यानं सांगितलं. न्हाव्याच्या दुकानात, डॉक्टरांच्या बाकड्यावर, बँकेच्या खिडकीवर वर्षानुवर्षं धूळ खात लटकलेले ते फोटो आता माणसं शोधून शोधून उतरवताहेत. डॉक्टरांच्या भिंतीवर तर मागे चौकोन तेवढा उरलाय.

पण तुमची एक गोष्ट होती जिच्यासाठी मी तुमची थुंकीही सोसली. रंगीत फिल्म तुमच्याकडे नव्हती, म्हणून जिथं कॅमेरा लावायचात तिथंच दगडावर बसून तुम्ही एका चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं लिहायचात, आभाळ कोणतं, माती कोणती, सावलीत निळं किती. घरी आल्यावर ती चिठ्ठी पहिल्या प्रतीच्या पाठीला चिकटवायची. मग रंगवताना तिच्याकडे बघायचं आणि गिऱ्हाइकाला हवं ते करायचं. मी कधी टोकलं की म्हणायचात, "फोटोच्या पुढं गिऱ्हाईक, मागं मी. पाठीमागं म्या कधी खोटं लिहिलेलं नाय." मी म्हणायचो, भिंतीकडे तोंड करून खरं बोलण्यात काय मर्दुमकी? त्यावर तुम्ही ब्रश चाटायचात आणि कामाला लागायचात. माझा राग तिथंच अडकून राहायचा.

त्या रागाचं मूळ तुम्हाला ठाऊक होतं. मी तुमच्या दुकानात शिरलो तो फोटो विकत घ्यायला नव्हे. चित्रकलेचा शिक्षक व्हायला गावाहून आलो होतो, वसतिगृहात राहत होतो. एका दुपारी तुमच्या दुकानाच्या काचेत मला माझा बाप दिसला. डोईला पटका, खांद्यावर घोंगडी, काठीवर हनुवटी टेकलेली, मागे सोयगावकडे उतरणारा डोंगर, आणि समोर आमची मेंढरं गुडघाभर हिरव्यागार गवतात. मी आत येऊन म्हणालो, हा माझा बाप आहे आणि हा फोटो खोटा आहे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलंत आणि काकूंना चहा टाकायला सांगितलंत.

तो मोठ्या दुष्काळाच्या सालचा फोटो होता. त्या साली बापाला मला खायला घालता येईना, म्हणून त्यानं मला करमाडला मामाकडे पोचवलं. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. कळपातली निम्मी मेंढरं त्या उन्हाळ्यात गेली, हे मी नंतर आईकडून ऐकलं. आई सांगायची की शेवटी शेवटी मेंढरं माती चाटायची. आणि तुम्ही त्या मातीवर गवत रंगवलंत, नाना. पोपटी, वर गर्द, मधे पिवळ्याचे दोन फटकारे, वारा सुटल्यासारखे. भुकेनं जिचा डोळा फोटोतही पांढरा दिसत होता त्या मेंढीच्या तोंडाशीसुद्धा. मला त्या दिवशी जे वाटलं त्याला राग म्हणणं कमी पडेल. पंक्तीत बसल्यावर पत्रावळीखाली मेलेलं काही दिसावं तसं वाटलं होतं.

तरी मी रोज येत राहिलो, हेही खरंच आहे. भांडायला यायचो आणि शिकून जायचो. भर दुपारी मला किल्ल्याच्या पायथ्याला उभं करून तुम्ही विचारलंत, सावली कोणत्या रंगाची? मी म्हणालो, काळी. तुम्ही म्हणालात, परत बघ, आणि मला तासभर उन्हात तसंच उभं ठेवलंत. तासाभरानं मला तिच्यात निळं दिसलं, मग जांभळं. पुढं पस्तीस वर्षं शाळेतल्या पोरांना मी तेच शिकवलं आणि एकदाही तुमचं नाव घेतलं नाही. मला नोकरी लागावी म्हणून तुम्ही ज्या हेडमास्तरांकडे गेलात त्यांच्या भिंतीवर तुमचाच चंद्र होता. त्याचा तुम्ही उपयोग करून घेतलात आणि मला कधी बोलून दाखवलं नाहीत. हे उपकार आहेत, नाना. ते मान्य करतानाही माझं नाक मुरडतंय, पण मान्य करतो.

गवताबद्दल मात्र तुम्ही कधीच उत्तर दिलं नाहीत. किती वेळा विचारलं असेल. कुणासाठी रंगवलंत ते? कोण गिऱ्हाईक होतं? भुकेल्या जनावरांसमोर हिरवं पसरून ते विकवलं कसं तुम्हाला? एकदाच, फक्त एकदा, तुम्ही ब्रश खाली ठेवून म्हणालात, "मेरेकू मत पूछ. गावाकडं जाशील तवा बापालाच इचार."

मला ती पळवाट वाटली. बाप काय सांगणार? पण दिवाळीत घरी गेलो तेव्हा लिंबाखाली बसलेल्या बापाला मी सांगितलं की शहरात एका फोटोवाल्याच्या काचेत तू उभा आहेस. विचारलं काहीच नाही, तक्रार केल्यासारखं नुसतं सांगितलं. बाप लोकर विंचरत होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, "गवत हाय का त्यात?"

"हाय की. गुडघ्याएवढं. समदं खोटं."

"हिरवं हाय?"

"हिरवंगार."

"बरं झालं," बाप म्हणाला आणि विंचरत राहिला.

मला बापाचीही कीव आली. म्हणालो, अडाणी माणूस, रंगाला भुलला. शिकलेल्या मुलाला आपल्या बापाबद्दल असं वाटतं, आणि वाटून झाल्यावर तो आरामात झोपतो. पुढं चारच वर्षांनी बाप गेला, आणि तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

माझ्या लग्नात तुम्ही तोच फोटो मला दिलात. पहिली प्रत, सागवानी चौकटीत, पाठीवर खाकी कागद डकवलेला. "बाप हाय तुझा, घरात लाव," म्हणालात. पाहुणे गेल्यावर मी पुढच्या पट्ट्या सोडवून काच काढली, पाठीचा कागद उघडायचं मनातही आलं नाही, आणि दाढीच्या ब्लेडनं त्या पांढऱ्या डोळ्याच्या मेंढीपुढचं गवत खरवडलं. खाली माती दिसेल असं मला वाटलं होतं. पण गवताबरोबर फोटोच निघाला आणि खाली कोरा पांढरा कागद आला. मग मी काच बसवली आणि चौकट कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. गारखेड्याला घर बांधलं तेव्हा ती तशीच नव्या कपाटामागे गेली. वास्तुशांतीला तुम्ही आलात, कपाटामागे वाकून पाहिलंत, चौकट फिरवलीत, ओरखडा पाहिलात आणि होती तशी परत ठेवलीत. मग पंगतीत बसून दोन पुरणपोळ्या खाल्ल्यात आणि पोळीवरच्या तुपाचं कौतुक केलंत. मी वाट पाहत होतो, तुम्ही शिवी तरी द्याल.

दोन वर्षांपूर्वी जालना रोडवरच्या त्या हॉटेलात तुमच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. तुम्हाला शाल पांघरून खुर्चीत बसवलं, हातात ब्रश दिला, आणि कॅमेऱ्याच्या आकाराचा केक तुमच्याकडून कापून घेतला. एका मुलीनं मोबाइल धरला होता. थुंकीची गोष्ट तिला कुणीतरी सांगितली असावी. तुम्ही ब्रश जिभेला लावलात तर ती म्हणाली, "नाना, परत एकदा चाटा ना, नीट आलं नाही." आणि तुम्ही चाटलात. कोरडा ब्रश, नव्वदीतली जीभ, चार वेळा. लोक टाळ्या वाजवत होते. रिक्षात मी तुम्हाला नको नको ते बोललो. माकड झालात म्हणालो. तुम्ही शालीची घडी करत ऐकून घेतलंत आणि मग शांतपणे म्हणालात, "तुला थुंकीची किळस येती का माणसाची, ते एकदा ठरव." पुढचे चार महिने मी तुमच्याकडे फिरकलो नाही.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. नाकात नळी होती, आवाज खोल गेला होता. तुम्ही विचारलंत, "लावलास का?" फोटो लावलास का, असं. आणि मी, आयुष्यभर तुम्हाला खरेपणा शिकवणारा मास्तर, चटकन हो म्हणालो. बैठकीत लावलाय, म्हणालो. छान दिसतो, म्हणालो. तुम्ही माझ्या नाकाकडे पाहिलंत आणि हसलात. तुम्हाला कळलं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो हातमोजेवाला माझ्या घरी आला. 'सोयगावची उतरण' या फोटोची पहिली प्रत, पाठीवर नानांच्या हातची चिठ्ठी असलेली, माझ्याकडे आहे असं त्याला काकूंकडून कळलं होतं. चिठ्ठीवाल्या प्रतींच्या तो मागावर होता. मी म्हणालो, घेऊन जा. काही देऊ नका, नुसती घरातून न्या. मला खरंच ती नको होती. त्यानं कपाटामागून चौकट काढली, ओरखडा पाहिला आणि तोंडानं च्च केलं. आमच्या मेंढीसाठी कुणीतरी पहिल्यांदाच च्च केलं होतं, पण ते फोटोच्या किमतीसाठी होतं. मग चौकट पालथी घालून त्यानं बारीक सुरीनं खाकी कागद कापला आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लागला.

"सोयगावकडची उतरण. भर दुपार. आभाळ राखी. माती भाजल्या विटेची. डोंगर करपल्या भाकरीचा. गवत नाही. मेंढरं सत्तावीस, धड उभी राहत नाहीत. म्हादबा म्हणतो, गवत टाका. एवढी उपाशी कुणी बघू नयेत."

म्हादबा माझा बाप.

तेवढं मी त्याला सांगितलं आणि परत वाचायला लावलं. त्यानं आनंदानं वाचलं. शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, ती त्याला लागत नव्हती, म्हणून मी चष्मा लावून पाहिली. तुम्ही लिहिलं होतं, "पोरगा मामाकडे आहे, कधी भेटला तर सांगू नका म्हणाला, त्याला वाटेल बाप लाजला."

नाना, त्या उन्हात बापानं तुमच्याकडून दुसरं काय मागितलं असतं? पाणी मागता आलं असतं. त्यानं मेंढरांसाठी गवत मागितलं. रंगाचं का होईना. आणि तुम्ही ते वीतभर जागा न सोडता, एकेका तोंडाशी घातलंत. मग चाळीस वर्षं माझी बोलणी खाल्लीत आणि त्याला दिलेला शब्द राखलात. इथं मी शहाणा, हातात ब्लेड घेऊन, त्यातल्या सगळ्यात उपाशी मेंढीपुढून गवत खरवडून काढलं.

तो हातमोजेवाला फार खूश झाला होता. म्हणाला, हे अफाट आहे, असा दस्तऐवज सापडत नाही, या चिठ्ठीनं या प्रतीला वेगळंच मोल येईल. मग त्यानं मोबाइल काढला. मी फोटो छातीशी धरून वडिलांबद्दल दोन शब्द बोलावेत, आत्ताच, डोळे ओले आहेत तोवर, असं तो म्हणाला. माझी किळस कुणाची ते त्या क्षणी ठरलं, नाना, तुम्ही सांगितलं होतंत तसं. तिच्यात तो होता, केक होता, आणि सगळ्यांत मोठा वाटा माझा होता. तुम्ही मात्र त्यात नव्हता. मी त्याला म्हणालो, "चहा झाला असेल तर उठा." त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय. दारापर्यंत तो बोलत होता.

मग मी काकूंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्या आत जाऊन तुमची रंगाची वही आणि एक ब्रश घेऊन आल्या. ब्रशाच्या दांडीवर तुमच्या दातांच्या खुणा आहेत. हिरव्याचं शेवटचं पान अर्धं शिल्लक होतं. "पाण्यानं नाय बसत," एवढंच त्या म्हणाल्या.

आज सकाळी खिडकीशी बसून मी काच काढली. नखाएवढा कागद कापला, भिजवला. तुमचा ब्रश तोंडात घातला. कडू लागतो, नाना, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. ओठांनी टोक केलं आणि त्या मेंढीपुढं गवत टाकलं. माझा हात तुमच्यासारखा नाही, पाती जाड आली, आणि कोऱ्या कागदावर रंग जरा जास्तच पसरला. आता त्या फोटोला कुणी संग्राहक हात लावणार नाही. मी तो बैठकीत, दारातून आल्याबरोबर दिसेल असा लावला आहे.

बायको म्हणाली, जीभ हिरवी झालीय, जाऊन चूळ भरा. दुपार झाली, अजून भरलेली नाही.